येऊरचा चढ

पाइनची बनं पाहायला हिमालयाच्या उतारांवर जावं लागतं. ठाणेकरांच्या वाट्याला आलंय ते साग, ऐन, पळस आणि काटेसावरीचं येऊर. उपवन तलाव मागे पडला की चढ लागतो, आणि शहराचा गोंगाट वळणावळणाला विरत जातो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं हे ठाण्याकडचं अंग. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्या आजही नांदतो, आणि येऊरच्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

कल्याण-डोंबिवलीकरांना बदलापूरपुढचा बारवी धरणाचा रस्ता आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला पाणी देणारं हेच धरण! मोटारीच्या बंद काचांमागून हे नातं जाणवत नाही. सायकलवर मात्र चढ पोटऱ्यांना कळतो, सावली पाठीला कळते, आणि भारद्वाजाचा घुमारा कानांपर्यंत पोचतो. मला तर वाटतं, आपला जिल्हा ओळखायला याहून चांगलं वाहन नाही.

एकच विनंती. पहाटेचा अंधार बिबट्याचा असतो; नीट उजाडल्यावरच निघा, गाणी मोठ्यानं लावू नका, आणि पाण्याची रिकामी बाटली घरी परत आणा.