शनिवारी थांबणारा घाणा

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेल्यांना त्यांच्या सुट्टीच्या वारावरून ओळखत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे शनवार तेली. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि आपण त्यांचे वंशज आहोत, असे त्यांची परंपरा सांगते. ते नेमके कोणत्या शतकात आले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण शेकडो वर्षे कोकणच्या खेड्यापाड्यांत राहून, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर अशी आडनावे लावून, नऊवारी नेसून आणि लग्नात हळद लावून ही माणसे शनिवारी घाण्याला हात लावत नव्हती, हे सर्वमान्य आहे.

त्यांच्याजवळ होते काय? पोथी नव्हती, पुरोहित नव्हता, देऊळ नव्हते. बायबलमधील नियमशास्त्राची एक प्रतही गावात नव्हती. होती ती फक्त ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना. देव एकच आहे आणि त्याच्यावर सगळ्या जिवाने प्रेम करावे, हा तिचा आशय. जन्म, सुंता, लग्न, मर्तिक, कोणताही प्रसंग असो, तीच म्हटली जाई. त्याखेरीज मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्याचे काही नियम, वर्षातून एकदा दारे लावून घरात कडक उपास करायचा दारफाळणीचा सण आणि शनिवार. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी त्यांच्यात आला. ही खरोखरच आपली माणसे का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांसमोर मिसळलेली मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी रांधायला घेतली आणि बाकीची बाजूला सारली. मग त्याने त्यांच्यातल्या तिघांना धर्माचे शिक्षण दिले. ही आख्यायिका आहे, तिचा काळ सांगता येत नाही. तरी मला ती फार खरी वाटते, कारण तिच्यात निष्ठेची परीक्षा चुलीपाशी होते.

मी ख्रिस्ती आहे. बायबलमधल्या मूर्तिपूजेविरुद्धच्या इशाऱ्यांवर आमच्या उपासनेत नेहमी प्रवचने होतात. बहुतेक वेळा प्रवचनाचा रोख चर्चच्या भिंतीबाहेर असतो, शेजारच्या गल्लीतल्या उत्सवावर किंवा नातेवाइकांच्या देव्हाऱ्यावर. ऐकणारा सुखावतो, कारण तो सोडून बाकी सगळे दोषी ठरतात. मूळ पानांवर मात्र वेगळेच दिसते. दहा आज्ञा दिल्या गेल्या त्या मिसरच्या गुलामीतून सुटून आलेल्या लोकांना. ज्याने तुम्हाला सोडवले त्याच्यासमोर दुसरा देव आणू नका, कशाची प्रतिमा करून तिच्या पाया पडू नका, हा करार त्यांच्याशी होता. तो मोडला तोही त्यांनीच. त्यांचा पुढारी मोशे देवाच्या आज्ञा आणायला डोंगरावर गेला तो लवकर उतरेना म्हणून लोक घाबरले. त्यांनी आपल्याच बायकामुलांच्या कानांतले सोने उतरवले, मोशेच्या भावाने, अहरोनाने, त्याचे वासरू घडवले, आणि या वासरापुढे उद्या परमेश्वराचा सण आहे, असे स्वतः अहरोनानेच जाहीर केले. परका देव कुणी आणला नव्हता. आपल्याच देवाला हाताशी ठेवता येईल एवढा लहान करण्याचा तो प्रयत्न होता.

पुढची उदाहरणे तर याहून घरची आहेत. रानात साप चावून माणसे मरत होती तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा सर्प उभारला. माणसे वाचली. कित्येक शतकांनी हिज्कीया राजाने तो सर्प फोडून टाकला, कारण लोक त्यालाच धूप जाळू लागले होते. मोशेच्या हातची, देवाने सांगितलेली, चमत्काराची साक्ष असलेली वस्तूही राजाने ठेवली नाही. यिर्मया संदेष्टा तर यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहिला आणि आत जाणाऱ्या भाविकांना त्याने सुनावले की परक्याला, अनाथाला आणि विधवेला छळायचे आणि मंदिर आपले आहे म्हणून निर्धास्त राहायचे, हे चालणार नाही. होशेय संदेष्ट्याने हीच गोष्ट संसाराच्या भाषेत सांगितली. देवाला सोडणे म्हणजे सोबतीच्या माणसाचा विश्वासघात, असे तो म्हणतो. विश्वासघात ज्याने वचन दिले आहे त्याच्याच हातून होऊ शकतो. शेजाऱ्याने ते वचन दिलेलेच नाही.

हे इशारे आपल्याच माणसांसाठी आहेत, या म्हणण्याला विरोधी पुरावाही बायबलमध्येच आहे. तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कनान देशात गेल्यावर तिथल्या वेद्या मोडा, अशी आज्ञा अनुवाद या पुस्तकात आहे. कर्मेल डोंगरावर जिंकल्यावर एलीया संदेष्ट्याने बआल या कनानी देवाच्या संदेष्ट्यांना मारवले, हेही तिथेच आहे. ही पाने वाचताना माझे मन आजही आक्रसते. त्यांचा आधार घेऊन पुढे काय घडले तेही आपल्याच मुलखात घडले. गोव्यात 1540 नंतर तिसवाडीतली आणि 1567 मध्ये सासष्टीतली देवळे पोर्तुगिजांनी पाडली. लोकांनी मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला नेले, शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. ज्याला त्या काळी मुंबई बेट खंडाने मिळाले होते आणि ज्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापला, तो गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य मूळच्या यहुदी घराण्यातला. तो गुपचूप यहुदी धर्म पाळत होता, असा आरोप मरणानंतर त्याच्यावर सिद्ध ठरवून 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. मूर्तिपूजा नको ही आज्ञा ज्या लोकांना पहिल्यांदा मिळाली, त्यांच्याच वंशातल्या माणसाची हाडे त्या आज्ञेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी जाळली. आम्हा ख्रिस्ती लोकांना हा इतिहास टाळता येणार नाही, आणि टाळूही नये.

त्याच काळात, त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला, शनवार तेली आपला घाणा शनिवारी थांबवून बसत होते. त्यांनी कुणाचे देऊळ पाडले नाही, आणि त्यांच्या धर्मात मूर्तीलाही जागा नव्हती. पेण हे गणपतीच्या मूर्तींसाठी महाराष्ट्रभर नावाजलेले गाव. त्याच पेणमध्ये बेने इस्रायलांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. घरोघरी मूर्ती घडवणाऱ्या गावात मूर्ती न मानणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि त्यावरून गावात वैर झाल्याचे ऐकिवात नाही. मूर्तिपूजेविरुद्धची आज्ञा पाळण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. बेने इस्रायलांच्या घराघरांत ज्याचे नाव प्रेमाने घेतात तो संदेष्टा एलीयाच आहे, त्यांचा एलियाहू हन्नाबी. नवस फिटला, मुलाचे बारसे झाले, लग्न ठरले की त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे आणि साखर घालून, फळे मांडून, त्याची स्तुती गातात. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि तिथे जाऊन ते मलिदा करतात. खडक आहे, खूण आहे, तरी प्रार्थना मात्र एकाच अदृश्य देवाला. कर्मेलवरचा तलवारीचा एलीया त्यांनी घेतला नाही. संकटात धावून येणारा, घरी पाहुणा म्हणून येणारा एलीया त्यांनी घेतला. कोणती पाने जगायची याची त्यांची निवड मला पटते.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी जॉन विल्सन आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, मराठी बायबल त्यांच्या हाती दिले. विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणही लिहिले. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. फारच थोडे झाले. उलट, इतकी वर्षे पाठ करून जपलेला आपला धर्म त्यांना प्रथमच स्वतःच्या मराठीत वाचता आला आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. पुढे त्यांच्यातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. ख्रिस्ती असूनही मला या अपयशाचे दुःख होत नाही. निष्ठेला निष्ठेनेच मान द्यावा लागतो.

बदलापूरच्या बेलवलीतल्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. बदलापूरहून सुटलेली आपली लोकल ठाण्यात थांबते, तिथे 1879 पासून बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. शेवटच्या टप्प्यात मशीद बंदर स्थानक लागते. तिथल्या मांडवी भागात सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. रोज हजारो माणसे त्या फलाटावरून जातात.

आणि आपण काय करतो? बेलवली हे मुळात गाव. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे बदलापूरला आली आणि गावाभोवती इमारती उठल्या. घर घेणे यात पाप नाही, हप्ता फेडण्यात तर कष्टाची शान आहे. पण कलस्सैकरांना लिहिताना प्रेषित पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे, ते अशाच कष्टाळू, धर्मभीरू माणसांना उद्देशून. एलीयाची जी गोष्ट आम्ही फार कमी सांगतो ती नाबोथाच्या मळ्याची. अहाब राजाला राजवाड्याला लागून असलेली जमीन हवी होती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची आहे, देत नाही. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारवले, आणि राजा जमिनीचा ताबा घ्यायला गेला तेव्हा तिथे एलीया उभा होता. बआलाची वेदी आणि हडपलेली जमीन, दोन्हींचा जाब विचारणारा संदेष्टा एकच. ज्या भागात गुंठ्याच्या भावावर घरेदारे फुटतात, सख्खी भावंडे सातबाऱ्यावरून कोर्टात उभी राहतात, तिथे मूर्तिपूजेवरचे प्रवचन नाबोथाला वगळून देता येत नाही. आमच्या चर्चच्या मोठमोठ्या बॅनरवर आरोग्यदान सभेच्या उपदेशकाचा फोटो ख्रिस्ताच्या नावाहून मोठा असतो. तिथेही हिज्कीयाचा हातोडा लागणार आहे.

म्हणून मला शनवार तेल्यांचा घाणा पुन्हा पुन्हा आठवतो. सात दिवसांतला एक दिवस म्हणजे कमाईचा सातवा हिस्सा, दर आठवड्याला, पिढ्यान्‌पिढ्या सोडलेला. पाहायला राजा नव्हता, दंड करायला पुरोहित नव्हता. शेजारचे सोमवार तेली त्या दिवशी तेल विकत असणार. तरी घाणा थांबे, आणि घाणा थांबला की बैलही सुटे. अनुवादातल्या शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याच्या, आज्ञेत बैलाचा आणि गाढवाचा, दासाचा आणि दासीचा, दारात राहिलेल्या परक्याचाही उल्लेख आहे, कारण तुम्हीही मिसरात गुलाम होता. आमोस संदेष्ट्याच्या काळातले व्यापारी शब्बाथ पाळत खरे, पण तो केव्हा सरेल आणि माप लहान करून धान्य केव्हा विकू, असे घोकत बसत. अशा पाळण्यावर देवाचा राग आहे.

या लोकांच्या निष्ठेलाही शेवटी दाखला द्यावा लागला, आणि मागणारे परके नव्हते. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. कोकणात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला होता, त्यांना यरुशलेमात धरणे धरावे लागले. 1964 मध्ये इस्रायलच्या सरकारने आणि संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत अशी भूमिका घेतली. पूर्वजांची ती चौकशी म्हणजे वंशाच्या शुद्धतेची पूजा होती, तीही धर्मपीठावर बसलेल्यांकडून. महाराष्ट्रात त्यांना 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तोवर इथे थोडेच उरले होते.

बेलवलीच्या वाचकांकडे, आणि विशेषतः माझ्या ख्रिस्ती भावंडांकडे, एकच मागणे आहे. आपल्या सोसायटीचा वॉचमन आणि आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे का, ते या रविवारी उपासनेला जाण्याआधी विचारा. नसेल तर द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.