इशारा आणि अधिकार

तिरुवल्लिकेणीच्या ‘मॅन्शन’मध्ये एकेका खोलीत तिघे-चौघे तरुण राहतात. नोंदणी नसलेल्या दलालामार्फत परदेशी जाऊ नका, असे सरकार त्यांना मोबाइलवर बजावीत असते. इशारा खोटा नव्हे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीय लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. आम्हीही एकास तेच सांगितले. तो म्हणाला, “सार, मग तुम्ही गाव का सोडलेत?” आम्ही निरुत्तर झालो. आमच्या पाठीशी बदलीचा हुकूम होता. त्याच्या पाठीशी कर्ज आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘सुरक्षित जायें, प्रशिक्षित जायें’ हे घोषवाक्य म्हणूनच आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. भय दाखविणे सोपे; परंतु जो वाट दाखवितो, त्यालाच वाट अडविण्याचा अधिकार पोचतो.