फळा दिसत नव्हता

जुलैमधल्या एका संध्याकाळी आठवीतल्या माझ्या नातीने इतिहासाचे पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि म्हणाली, "आजी, तुझा मोबाइल दे ना. या धड्याचा व्हिडिओ बघते. मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला वाचून कळत नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत हीच मुलगी 'फास्टर फेणे' एकामागून एक वाचून संपवत होती. तिला वाचून कळत नाही हे तिला कोणी सांगितले, असे मी विचारले. तेव्हा तिने दप्तरातून एक गुळगुळीत कागदाचा रंगीत अहवाल काढला. शाळेने सातवी-आठवीच्या मुलांच्या दहाही बोटांचे ठसे एका संस्थेकडून घेतले होते. त्यावरून मूल पाहून शिकते, ऐकून शिकते की हाताने करून शिकते, याची टक्केवारी काढली होती. शेवटच्या पानावर तिने कोणत्या शाखेला जावे हेही छापले होते. मुलगी तेरा वर्षांची आहे.

पुढच्या पालकसभेत त्या संस्थेचे समुपदेशक बोलायला आले. याला आधार काय, असे मी उभी राहून विचारले. त्यांनी सभेकडे वळून उत्तर दिले, "मॅडम, तुमच्या काळी सब घोडे बारा टक्के होतं. आता प्रत्येक मूल वेगळं आहे हे शास्त्राने सिद्ध केलंय." टाळ्या झाल्या. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवले आहे. त्या टाळ्या मला लागल्या, आणि त्यांना उत्तर द्यायचे म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

ठशांची गोष्ट थोडक्यात संपवते. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात आणि त्यांचा अभ्यास हे खरे शास्त्र आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावर विशिष्ट ठेवण अधिक आढळते, हेही खरे. पण त्या रेषांवरून बुद्धीचा प्रकार किंवा शिकण्याची पद्धत कळते, याला काहीही आधार नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. हाताच्या रेषा पाहून भविष्य सांगणाऱ्याला आपण शाळेच्या फाटकातून आत घेत नाही. तळहाताऐवजी बोटांवरच्या रेषा यंत्राने पाहिल्या म्हणून तसाच माणूस आत कसा येतो, हे मुख्याध्यापकांनी पालकांना सांगायला हवे.

खरा वाद 'शिकण्याच्या शैली'शी, म्हणजे प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरावीक पद्धत असते या समजुतीशी आहे, कारण तिथे फसवणारे थोडे आणि मनापासून विश्वास ठेवणारे फार. नील फ्लेमिंग हे न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस होते. काही उत्तम शिक्षकांचेही काही मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि काही सुमार शिक्षकांचे पोहोचते, हे त्यांनी पाहिले होते. त्या कोड्यातून १९९२ मध्ये त्यांची प्रश्नावली पुढे आली. पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करणे असे तिचे चार भाग होते. आपल्याकडे येईपर्यंत त्यातले वाचणे-लिहिणे बहुधा गळून पडलेले असते. शाळेत नेमके तेच शिकायचे असते, म्हणून ही गळती मला साधी वाटत नाही. फ्लेमिंग एकटे नव्हते. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मोजदाद केली, तेव्हा शैलींच्या ७१ वेगवेगळ्या मांडण्या सापडल्या. एकाच मुलाला ७१ प्रकारे विभागता येत असेल, तर त्यातली एकही रेघ निसर्गाने आखलेली नाही.

समुपदेशकांनी सभेत हॉवर्ड गार्डनर यांचेही नाव घेतले. गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला, आणि त्यावरही आक्षेप आहेत. पण बुद्धिमत्ता आणि शिकण्याच्या शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी स्वतः २०१३ मध्ये लिहून शैलींपासून अंतर ठेवले. ज्याने साक्ष नाकारली आहे त्यालाच साक्षीदार म्हणून उभे करू नये.

शैली खरी असेल तर ती तपासायची कशी? हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्योर्क या चौघांनी २००८ मध्ये ही कसोटी नेमकी मांडली. आधी 'पाहून शिकणारी' आणि 'ऐकून शिकणारी' मुले वेगळी करायची. मग दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवायचे, आणि शेवटी सर्वांना एकच परीक्षा द्यायची. पाहणारी मुले चित्रांनी आणि ऐकणारी मुले बोलण्याने पुढे गेली, तरच शैलीप्रमाणे शिकवण्याला अर्थ आहे. या कसोटीला उतरेल असा अभ्यास त्यांनी शोधला. अशी रचना असलेले अभ्यासच मोजके निघाले, आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष या समजुतीच्या विरुद्ध होते.

मग ही समजूत टिकते कशी? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांनी ती खरी मानली. इतके शिक्षक अडाणी नसतात. सभेनंतर एक आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "पण बाई, माझ्या मुलाला व्हिडिओ पाहिल्यावर खरंच कळतं हो." तिचे म्हणणे प्रामाणिक होते आणि ते मला उडवून लावायचे नाही. सारा प्रश्न 'कळतं' या शब्दापाशीच आहे.

हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग मला आठवीच्या प्रत्येक मुलाला सांगावासा वाटतो. त्यांनी विद्यार्थ्यांना सूर्याविषयी आणि समुद्रातल्या पाणमांजरांविषयी छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत कागद समोर न ठेवता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला किती आठवेल याचा अंदाजही विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. सर्वाधिक खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती.

मूल 'मला कळलं' म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. त्या क्षणी ते अडखळले नाही, एवढेच ते सांगत असते. व्हिडिओ अडखळू देत नाही. चित्र सरकते, आवाज समजावतो, आणि डोके हलवत मूल शेवटापर्यंत पोहोचते. अडखळणे हाच शिकण्याचा भाग आहे, हे ब्योर्क यांनी आयुष्यभर मांडले आणि अशा अडथळ्यांना त्यांनी हवेसे अडथळे म्हटले. धडा मिटून आठवायचा, आठ दिवसांनी पुन्हा काढायचा, क्षेत्रफळाच्या गणितांत मध्येच व्याजाचे गणित घालायचे. हे सगळे करताना मुलाला आपण मागे पडतो आहोत असे वाटते, आणि नेमके तेव्हाच ते शिकत असते. शैलीचे लेबल मात्र त्या मुलाला उलटे शिकवते. जिथे अडखळशील तिथे थांब, ती तुझी वाट नाही, असे ते सांगते. माझ्या नातीने इतिहासाचे पुस्तक मिटले ते याच आज्ञेने.

शिवाय पाहावे, ऐकावे की करावे हे ठरवते कोण? माझ्या मते विषय ठरवतो. सह्याद्रीच्या घाटवाटा नकाशाशिवाय कोणालाच नीट कळणार नाहीत. भूप आणि देसकार यांतला फरक कानानेच घ्यावा लागतो. भाकरी थापायला हातच लागतात. पावकी-निमकी आमच्या पिढीने ऐकून पाठ केली, आणि पाव म्हणजे काय ते मात्र शेंगदाण्यांचे वाटे करून कळले. वर्गातल्या प्रत्येक मुलाला या सगळ्या वाटा हव्यात. एका मुलाला एकच वाट नेमून देणे म्हणजे बाकीच्या बंद करणे.

इथवर मी सभेतल्या माझ्याच बाजूने लिहिले. पण त्या दिवशी मी आणखी एक वाक्य बोलले होते, ते मला मागे घ्यायचे आहे. मी म्हणाले होते, "मुलांनी अभ्यास करावा, आपण कसे शिकतो याची चौकशी त्यांना कशाला हवी?" घरी आल्यावर नातीने विचारले, "मग मी कशी आहे, ते तू सांग." मला उत्तर देता आले नाही. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो कोणाला पडला नसेल असे नाही. विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

त्या रात्री मला जुना एक विद्यार्थी आठवला. नववीत होता, मागच्या बाकावर बसायचा. वही कोरी असायची, पण तोंडी प्रश्नाला उत्तर अचूक. 'हा ऐकून शिकणारा मुलगा आहे' असे मी शिक्षकखोलीत कौतुकाने सांगायची. शैली हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता, लेबल मात्र मी लावले होते. वार्षिक परीक्षेच्या आधी त्याची मोठी बहीण भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, त्याला फळाच दिसत नाही." डोळे तपासले, चष्मा लागला. पूर्ण एक वर्ष तो कानावर शिकला होता, कारण त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती, आणि त्याच्या अडचणीला मी त्याचा गुण समजले होते.

मुले सारखी नसतात, या वाक्यापुरते समुपदेशकांचे बरोबर आहे. फरक कुठे असतात, यात ते चुकतात आणि तेव्हा मीही चुकले होते. फरक डोळ्यांच्या नंबरात असतो. घरातली भाषा आणि पुस्तकातली भाषा यांच्यामधल्या अंतरात असतो. पाचवीत अपूर्णांक हुकले, म्हणून आठवीत बीजगणित परके वाटते, या मागच्या बाकीत असतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. ही मुले उघड्यावर शिकणाऱ्या शैलीची आहेत, असा शोध त्यांनी लावला नाही. मुलांच्या मागे गुरे आहेत हे त्यांनी पाहिले आणि शाळा कुरणात नेली. वेगळेपण मानणे म्हणजे काय ते मी यापेक्षा चांगले सांगू शकत नाही.

आणि फरक झोपेत असतो. वयात येताना मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. लवकर अंथरुणावर पडूनही मुलांना झोप येत नाही, हा आळस नाही, शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते. माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. तो स्वागतार्हच होता. पण ज्यांचे घड्याळ खरोखर सरकते ती आठवी-नववीची मुले त्यातून वगळली गेली. माझी नात सव्वासहाला बसथांब्यावर उभी असते. पहिल्या तासाला तिचे लक्ष लागत नाही, याची नोंद त्या रंगीत अहवालात नाही.

तेराव्या वर्षी 'मी कोण?' हा प्रश्न खरा असतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी त्याला या वयाचे मुख्य काम म्हटले. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये त्यात एक धोका दाखवला. काही मुले शोध न घेताच दुसऱ्याने दिलेली ओळख पक्की करून टाकतात. बाहेरून ती स्थिर दिसतात, आत मात्र दार लावलेले असते. ज्योतिषी, चाचणी, काका, शिक्षक, यांपैकी कोणीही ते दार लावू शकतो.

म्हणून मी नातीला उत्तर दिले नाही, शंभर पानी वही दिली. इतिहासाचा एक धडा तिने व्हिडिओवर दोनदा पाहायचा. दुसरा एकदा वाचून, पुस्तक मिटून, मला सांगायचा. दोन्हींतले काय आठवते ते आठ दिवसांनी लिहायचे. पहिल्याचे तिला पाच मुद्दे आठवले, दुसऱ्याचे अकरा. एका मुलीच्या एका वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिलाही सांगितले. मग तिने स्वतःच पुढची पाने आखली. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून आणि शेजारी ठेवून. सकाळी आणि संध्याकाळी. मैत्रिणीला समजावून आणि एकटीने. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बेचाळीस पाने भरली. भूमितीत आकृती स्वतः काढली नाही तर तिचे गणित चुकते आणि हिंदीचे शब्द मोठ्याने म्हटले तर टिकतात, अशा नोंदी तीत आहेत. 'मी अमुक आहे' असे एकही वाक्य त्या वहीत मला दिसले नाही. 'मी असं केलं तर असं होतं' अशी वाक्ये आहेत, आणि पुढच्या वर्षी ती बदलतील हे तिला माहीत आहे.

हा लेख वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना माझी विनंती आहे. यंदा ठशांच्या चाचणीसाठी मुलांकडून पैसे गोळा करू नका. त्याऐवजी पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक दिवस नेत्रतपासनीस बोलवा, आणि शेवटच्या बाकापासून सुरुवात करा.