बंद घराची किल्ली



संध्याकाळच्या मिस्साहून परतताना जवळच्या इमारतींकडे जरा वर पाहा. कितीतरी खिडक्यांत दिवाच नसतो. कुणी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेला, कुणी मुलाच्या लग्नानंतर लागेल म्हणून. २०११ च्या जनगणनेत भारतातील शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारच्या तज्ज्ञगटाने शहरांत जवळजवळ १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचे सांगितले.

मग दुसरे घर घेणे पाप आहे का? नाही. लेकरांसाठी केलेली तरतूद ही आईवडिलांची मायाच. भाडेकरू घर बळकावील ही भीतीही अगदीच खोटी नाही. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करणाऱ्या मालकाला पुष्कळ संरक्षण दिले आहे. ती भीती बाजूला काढली, तर मागे काय उरते? कधी आळस, तर कधी ‘असली माणसे आपल्याकडे नकोत’ हा भेदभाव.

घराला घर जोडत जाणाऱ्यांची मोठमोठी घरे ओस पडतील, असे यशया संदेष्ट्याने बजावले (यशया ५:८-९). दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ साली शिकवले, की पृथ्वीवरील संपत्ती देवाने सर्वांसाठी निर्माण केली आहे. म्हणजे घराची मालकी आपली. पण गरजवंताचाही त्यावर काही हक्क पोचतो.

बेथलेहेमच्या उतारशाळेत मरियेला जागा मिळाली नाही, कारण ती भरलेली होती. आपले घर तर रिकामे आहे. आपण कोणते कारण सांगणार?