कर्माची गती गहन, मग दुसऱ्याचा हिशोब कशाला?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १७

कर्म, अकर्म, विकर्म हे सगळं नीट समजून घे, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात, कारण कर्माची गती कळायला फार कठीण आहे. आपण मात्र श्लोक वाचून होताच दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगून मोकळे होतो: "प्रारब्ध!"

विदर्भातलंच उदाहरण घ्या. २००७ मध्ये, गोंदिया ज्या नागपूर विभागात येतो तिथे, मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. या आजारात खेळतं मूल अचानक तापानं फणफणतं, झटके येतात, शुद्ध हरपते आणि कधी कधी २४ ते ४८ तासांत सगळं संपतं. अशा वेळी गावात कुणी करणी म्हणतं, कुणी देवीचा कोप. शहरात आपण "मागच्या जन्मीचं" म्हणतो. खरं तर दोघांनाही "माहीत नाही" म्हणायचं धाडस होत नाही.

कारण होतं चांदीपुरा विषाणू. १९६५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो नागपूरच्या चांदीपुऱ्यात, म्हणून हे नाव. पण तो किती घातक आहे हे नीट कळलं २००३ मध्ये, आंध्रात ३२९ मुलं आजारी पडून १८३ दगावली तेव्हा. तो पसरवते सॅन्डफ्लाय नावाची बारीकशी माशी. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत ती राहते. यावर ना लस, ना खास औषध. भेगा बुजवायच्या, फवारणी करायची आणि मुलाला लगेच दवाखान्यात न्यायचं.

मग कर्मसिद्धांत खोटा का? नाही ना! माझ्यावर संकट आलं तर "माझं कर्म" म्हणून मी धीर धरू शकतो. पण तेच वाक्य मूल गमावलेल्या आईला ऐकवलं, की तो निवाडा होतो. आणि एकदा निवाडा झाला, की मदत करायची गरजच वाटत नाही.

सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या टोल्यावरून दवाखाना लांब पडतो, हेही कर्मफळच आहे. पण ते त्या लेकराचं कसं? रस्ता, गाडी, डॉक्टर तिथवर न पोहोचवणाऱ्या आपल्या सगळ्यांचं ते कर्म.

आजचा संकल्प: दुसऱ्याच्या दुःखापुढे "प्रारब्ध" हा शब्द उच्चारायचा नाही. त्याऐवजी विचारायचं, "माझ्या वाट्याचं कर्म कोणतं?"

राम कृष्ण हरी 🙏