उन्हाळ्याचा खर्च आणि गीतेचा विवेक

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानला गेला आहे. म्हणून गृहस्थाच्या घरातील पैसा हे केवळ त्याच्या सुखाचे साधन नसून भगवंतांनी त्याच्या हाती सोपविलेली ठेव आहे. ठेवीचा चोख हिशेब ठेवणे हेही एक साधनच होय. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांत या साधनाची कसोटी लागते.

नवा गहू बाजारात येतो, तेव्हा वर्षाचे धान्य भरावयाचे असते. तिखट, हळद, पापड, कुरडया, लोणची हीही उन्हाळ्यातच व्हावयाची. लग्नमुंजींचे मुहूर्त याच दिवसांत येतात. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, प्रवास घडतो. हे आटोपते न आटोपते तोच शाळेची फी व वह्या-पुस्तके पुढे उभी राहतात. शेतकऱ्याच्या घरी बी-बियाणे आणि खते यांची निकड लागते. तात्पर्य, वैशाखात हाती दिसणाऱ्या पैशातील बराचसा पैसा आधीच आषाढाचा झालेला असतो. तो आपला समजून उधळणे म्हणजे मुलांच्या वाट्याचे आपण खाणे होय.

श्रीगीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे वाटते पण परिणामी अमृतासारखे होते, ते सात्त्विक. जे आरंभी अमृतासारखे वाटते पण परिणामी विषासारखे होते, ते राजस. हे लक्षण कर्ज काढून केलेल्या लग्नाला लावून पाहावे. मांडव, रोषणाई, पंगती, लोकांची वाहवा हे एका दिवसाचे अमृत. पण शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने एक लाख रुपये काढले, तर दरमहा दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार रुपये केवळ व्याजाचे होतात आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. ते व्याज कोठून जाते? मुलांच्या दुधातून, वृद्धांच्या औषधातून आणि गृहिणीच्या झोपेतून जाते. विवाह हा संस्कार आहे. सोळाव्या अध्यायात दंभाने केलेल्या नाममात्र यज्ञाला भगवंतांनी आसुरी म्हटले आहे; दिखाव्यासाठी केलेल्या संस्काराची गत याहून निराळी कशी असेल? कर्जाविना साधेपणाने कार्य उरकताना चार लोकांचे बोल ऐकावे लागतात, हे आरंभीचे विष खरे. पण पुढची निर्धास्त वर्षे हे त्याचे अमृत होय.

विजेच्या बाबतीतही हाच विवेक हवा. ७५ वॅटचा पंखा सुमारे १३ तास चालतो तेव्हा एक युनिट वीज खर्च होते; दीड हजार वॅट घेणारे वातानुकूलन यंत्र सतत चालले तर तासाभरातच दीड युनिट घेते. अनेक ठिकाणी युनिटे वाढली की दरही चढतो. यंत्र लावणेच असेल, तर १८ ऐवजी २४ अंशांवर ठेवावे. मात्र काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. आजाऱ्याचा वा म्हाताऱ्या आई-वडिलांचा पंखा बंद करून वाचविलेला पैसा हा धर्म नव्हे. आपण सुट्टीला गावी गेलो म्हणून घरकाम करणाऱ्या बाईचा त्या महिन्याचा पगार कापणे, हा तर उघड अधर्म आहे. आपली सुट्टी तिच्या चुलीवर का पडावी?

अक्षय्य तृतीयेला सोने घेतलेच पाहिजे, असा समज पसरला आहे. पण त्या दिवशी पाण्याने भरलेला घट दान करण्याची आपली परंपरा आहे. उधारीने घेतलेल्या सोन्यापेक्षा दाराशी ठेवलेला गार पाण्याचा माठ श्रेष्ठ आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला दिलेले दान सात्त्विक, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. उन्हातान्हात तहानलेल्याहून योग्य पात्र कोणते?

म्हणून गृहस्थाने पुढील नियम पाळावेत—

(१) चैत्रारंभी पती-पत्नीने एकत्र बसून तीन महिन्यांचा खर्च लिहून काढावा. एकाने खर्चावे आणि दुसऱ्याने झुरावे, असे होऊ नये.

(२) धान्य, शाळेची फी व बियाणे यांचा पैसा प्रथम वेगळा काढावा.

(३) दानाचा अंश, लहान का होईना, आरंभीच बाजूला ठेवावा; उरले तर देऊ म्हणणाऱ्याजवळ सहसा काही उरत नाही.

(४) समारंभ उरलेल्या पैशातच करावा; त्यासाठी व्याजाने एक रुपयाही काढू नये.

(५) रोजचा खर्च रात्री लिहावा आणि भगवंतांना अर्पण करण्यास जो खर्च लाजवील, तो दुसऱ्या दिवशी टाळावा.

असा हिशेब ठेवणाऱ्याच्या घरी पैसा थोडा असला तरी पहिल्या पावसाचे स्वागत निश्चिंत मनाने होते, आणि निश्चिंत मनच भजनात रमते. भगवंत आपणा सर्वांना ही सद्बुद्धी देवोत.