जुनी फटफटी चालती ठेवताना

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड गाड्यांना १९५५ साली दोन वेगळ्या वाटा फुटल्या. एक वाट मद्रासला आली. तिथे मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला विलायतेहून आलेले सुटे भाग जुळवून बुलेट तयार व्हायची. १९५७ मध्ये भाग बनवायची यंत्रसामग्रीही आली आणि १९६२ पर्यंत अख्खी गाडी इथेच बनू लागली. दुसरी वाट अमेरिकेला गेली. ‘इंडियन’ ही तिथली नामांकित कंपनी तोवर उत्पादन थांबवून बसली होती. तिचं नाव टाकीवर लावून रेडिचच्याच गाड्या तिथे विकल्या जाऊ लागल्या. हा व्यवहार पाचेक वर्षं चालला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र बिडाचं तेच सिलिंडर घेऊन नव्या शतकात शिरली.

नावाचा सौदा पाच वर्षांत संपला आणि कामाचा वारसा पन्नास वर्षं चालला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज तर ब्रिटिश नावांचा बाजार पुन्हा तेजीत आहे. बीएसए २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आली, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फची स्पीड ४०० तर २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडते आहे. पुण्याजवळ ट्रायम्फ घडते याचा मला मनापासून आनंद आहे. पण जुन्या गाडीचं सातत्य टाकीवरच्या अक्षरांत नसतं. बुलेट टिकली ती फौजेने, पोलिसांनी, गावोगावच्या शेतकऱ्यांनी आणि दूधवाल्यांनी ती रोज राबवली म्हणून. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी ती खोलून पुन्हा बसवू शकणारा एक तरी मिस्त्री होता म्हणून.

मी कोल्हापूरला बाबांच्या बुलेटवर शिकले. आता अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहते आणि माझ्याकडे १९६९ची ट्रायम्फ बोनव्हिल आहे. या गाडीचं नावसुद्धा युटामधल्या मिठाच्या मैदानावरून पडलं. तिथे १९५६ मध्ये ट्रायम्फच्या इंजिनावर वेगाचा विक्रम झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते, त्यामुळे तिथल्या गाड्या जहाजं भरभरून अमेरिकेला येत. पश्चिम किनाऱ्याची ट्रायम्फची वितरणाची जबाबदारी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या जॉन्सन मोटर्सकडे होती. इथल्या गिऱ्हाइकाला उंच हँडल आणि छोटी टाकी आवडते म्हणून इंग्लंडमधला कारखाना तशाच गाड्या काढू लागला. म्हणजे ज्याला आपण अस्सल ब्रिटिश रूप म्हणतो, त्यातलं निम्मं अमेरिकन चालवणाऱ्यांच्या आवडीने ठरलेलं आहे. मला उजव्या पायाचा गिअर नव्याने शिकावा लागला नाही, बुलेटने तो आधीच शिकवला होता. अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या मध्यावर नियम करून गिअर डावीकडे नेला, तेव्हा ब्रिटिश कारखान्यांना इंजिनातून आडवे दांडे काढून ती सोय करावी लागली.

पुनरुज्जीवनाचा खरा प्रश्न गाडी उघडल्यावरच सुरू होतो. माझ्या गाडीत आधीच्या कुणा मालकाने तेलाचा फिल्टर बसवला आहे. कारखान्यातून ती नुसत्या तारेच्या जाळीवर निघाली होती, आणि तेल गाळायला ती जाळी कधीच पुरेशी नव्हती. एका ठिकाणी आटे गेले होते, तिथे कुणीतरी मोठं भोक पाडून मेट्रिक बोल्ट घातला आहे. मुळात या इंजिनावर दोन-तीन पद्धतींचे आटे एकत्र नांदतात, कारण ती बनत होती तेव्हा ब्रिटिश कारखाने व्हिटवर्थच्या जुन्या मापांकडून नव्या मापांकडे सरकत होते. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच. प्रदर्शनात गाडी ठेवायची तर तो फिल्टर काढा, तो बोल्ट काढा, टाकीला कारखान्याच्या छटेचा नवा रंग द्या, म्हणजे पूर्ण गुण मिळतात. मी यातलं काहीही केलं नाही. त्या फिल्टरने हे इंजिन वाचवलं आहे. टाकीचा रंग जिथे उडाला आहे तिथे पन्नास वर्षं कुणाचे ना कुणाचे गुडघे घासले. तो रंग काढला, तर गाडीचं कारखान्यातलं एक वर्ष परत येईल आणि रस्त्यावरची पन्नास वर्षं पुसली जातील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत एखाद्या मिस्त्रीने बुलेटला दुसऱ्याच गाडीचा भाग घासूनपुसून बसवला, तर तोही त्या बुलेटचा इतिहासच असतो.

याच्या विरुद्ध बाजूला वजन आहे, हे मी मानते. प्रत्येकाने आपल्या सोयीने बदल केले, तर १९६९ मध्ये ही गाडी नेमकी कशी होती हे सांगणारं काहीच उरणार नाही. काही गाड्या हात न लावता ठेवल्याच पाहिजेत. इंग्लंडमध्ये सोलिहलजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. सप्टेंबर २००३ मध्ये तिथे आग लागली आणि शेकडो गाड्या जळाल्या. संग्रहालय पुढच्याच वर्षी पुन्हा उघडलं. त्या गाड्यांमधल्या कित्येक पुन्हा उभ्या राहिल्या, त्या ही इंजिनं, चाकं, चासी हातांनी ओळखणारी माणसं अजून कामात होती म्हणून. कपाटातला नमुना लागतोच. पण नमुना जळाल्यावर तो पुन्हा घडवायला जी जाण लागते, ती कपाटात राहत नाही. ती गाड्या चालवणाऱ्यांमध्ये आणि दुरुस्त करणाऱ्यांमध्येच राहते.

रेडमंडच्या पूर्वेला, १९६व्या अव्हेन्यूवर, लाल विटांचा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आहे. १९१३ मध्ये बांधलेला, जुन्या यलोस्टोन ट्रेलचा तुकडा. १९७४ मध्ये तो ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला, तरी त्याला कुंपण पडलं नाही. आजही त्यावरून लोकांच्या गाड्या कामाला जातात. या रस्त्यावर बोनव्हिल नेली की विटांचा हादरा आणि जोड सिलिंडरांचा हादरा हँडलमध्ये एकत्र येतात आणि आरशात काही म्हणता काही दिसत नाही. जतन करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

जपून ठेवायचं की वापरत राहायचं, हाच प्रश्न इथल्या मराठी घरांपुढेही असतो. ज्या वर्षी विमानात बसलो, त्या वर्षीची मराठी आणि त्या वर्षीचा गणेशोत्सव जसाच्या तसा धरून ठेवायचा मोह आपल्या पिढीला फार होतो. रविवारच्या मराठी शाळेत मुलं क्रियापदं इंग्रजी वळणाने वापरतात, तेव्हा आपण लगेच सुधारतो. सुधारावंही. पण त्या मोडक्या मराठीत एखादी मुलगी आजीशी तासभर भांडली, तर तिने ती भाषा राबवली असं मी म्हणेन, आणि त्याचा मला पाठांतराच्या बक्षिसापेक्षा जास्त आनंद होईल.

भाषा राबवण्यासारखंच इथे जुन्या गाड्या चालवणंही सोपं नाही. ऑक्टोबरपासून पाऊस लागतो तो वसंतापर्यंत. पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, जुनं रबर फुगवतं, आणि महिनाभर गाडी उभी राहिली तर कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजवतं. म्हणजे न चालवणं हेच या गाड्यांना सगळ्यात जास्त बाधतं. उन्हाळ्यात मात्र डुव्हॉल ते कार्नेशन ते फॉल सिटी हा स्नोक्वाल्मी खोऱ्यातला रस्ता आहे, आणि सिअ‍ॅटलच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची ‘आयल ऑफ व्हॅशन टीटी’ आहे. तिथे शर्यत नसते. शेकडो माणसं फेरीबोटीने बेटावर जातात आणि आपापल्या गाड्या घेऊन फिरतात. कुणाची बंद पडली की चारजण पाने काढून बसतात. किती ज्ञान तिथे रस्त्याच्या कडेला हस्तांतरित होतं!

माझी लेक आता किक मारायला शिकते आहे. अमल कार्बोरेटरची कळ किती वेळ दाबायची, पिस्टन नेमका कुठे आणून मग पायाचं वजन टाकायचं, हे पुस्तक वाचून पायात उतरत नाही. गाडीने उलटी किक दिली की ते कळतं. आम्ही दोघींनी एक वही केली आहे. काय बदललं, का बदललं, मूळ भाग कुठे ठेवला आहे, सगळं त्यात लिहितो. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून एका खोक्यात आहेत. पुढच्या मालकाला प्रदर्शनात जायचं असेल, तर त्याची वाट मोकळी राहावी. येत्या हिवाळ्याच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: क्लचच्या प्लेटी, मागचं स्प्रॉकेट, आणि डाव्या बाजूच्या कव्हरचं गॅस्केट.